समेटाची विचारणी

एनॉस शर्कची बग्गी कुणाच्या फाटकात वळली, की त्या घरातल्यांना हसावं की घाबरावं ते कळायचं नाही. एनॉस चर्चच्या मंडळीचा डीकन, म्हणजे सेवक, आणि डीकनचं कामच तसं. कुणाचा गोठा जळाला, कुणाची बाई दवाखान्यात पडली, तर मंडळीची मदत घेऊन जायचं ते डीकननं. आणि कुणी नेम मोडला तर तंबी द्यायला जायचं तेही त्यानंच. बग्गी तीच, घोडा तोच. हे काम एनॉसनं काही हौसेनं मागून घेतलेलं नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी प्रार्थनाघरात टेबलावर एकसारख्या पुस्तकांची रांग लावली होती, त्यातल्या एकात चिठ्ठी होती, आणि एनॉसनं उचललेल्या पुस्तकात ती निघाली. चिठ्ठी निघाली म्हणजे देवानं बोट ठेवलं. मग माणसानं मरेपर्यंत डीकन राहायचं. त्या दिवशी घरी येताना त्याची बायको ऑर्फा बग्गीत म्हणाली होती, "आता आपल्याकडं कुणी सहज म्हणून येणार नाही." आणि झालंही तसंच.

त्या साली पेनसिल्व्हेनियाच्या त्या खोऱ्यात पाऊस काही केल्या हटेना. ऑक्टोबर उजाडला तरी मका शेतात उभाच होता. मुरघासासाठी कापायचं पीक पिवळं पडायला लागलं, खालची पानं कुजून वास सुटला, बटाटे जमिनीतच मऊ पडायला लागले. चिखल असा की पाय उचलला तर बूट मागंच राहायचा. एरवी एकमेकांची थट्टा करणारी माणसं रस्त्यात भेटली तरी आभाळाकडं बघून पुढं जायची.

अशातच एका दुपारी मंडळीचा प्रमुख, बिशप हार्वे, एनॉसच्या बांधावर येऊन उभा राहिला. म्हातारा सत्तरीच्या पुढचा. छत्री न घेता आला होता. एनॉसनं ट्रॅक्टर बंद केला आणि खाली उतरला.

"क्लिऑननं चाकांवर रबर चढवलंय," बिशप म्हणाला.

एनॉसनं ते ऐकलं होतं, पण ऐकलं नसल्यासारखं दाखवलं होतं. मंडळीनं ट्रॅक्टरला परवानगी दिली ती लोखंडी चाकांच्या बोलीवर. लोखंडी दात्यांचं चाक शेतात चालतं, डांबरी रस्त्यावर माणसाची हाडं खिळखिळी करतं, म्हणून ट्रॅक्टर शेतातच राहतो. रबर आलं की ट्रॅक्टर रस्त्यावर येतो, रस्त्यावर आला की बाजारात जातो, आणि बाजारात गेलेल्या पोरांना मग मोटारीची भूक लागते. एनॉसला हे कुणी शिकवायला नको होतं. त्याचा थोरला मुलगा असाच गेला होता, आता ओहायोत कुठंतरी मालट्रक चालवत होता.

"त्याची पाठ मोडलीय, हार्वे."

"मला माहीत नाही का? दवाखान्याचा भार आपण सगळ्यांनी उचलला, तेव्हा मी एक अक्षर बोललो? अजून लागेल तेही देऊ. पण पाठीला सूट दिली की उद्या कुणाचा गुडघा येईल, परवा कुणाची कंबर येईल. आणि म्हातारपण तर कुणाला चुकलंय?" बिशपनं टोपी काढून पाणी झटकलं. "दोन घरं माझ्याकडं येऊन गेली. क्लिऑनच्या चाकावर रबर असेपर्यंत ते समेट आहे असं म्हणणार नाहीत. त्याच्या बांधाशेजारच्या वेनगरचं घर एक."

प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षारस घेणं, वर्षातून दोनदा, वसंतात आणि या दिवसांत. त्याच्या आधीच्या एका रविवारी विचारणी असते. बाकाबाकावरून जाऊन प्रत्येकाला विचारायचं, आणि प्रत्येकानं सांगायचं की देवाशी, मंडळीशी आणि शेजाऱ्याशी माझा समेट आहे. एकानं जरी नाही म्हटलं, तर ते मिटेपर्यंत सगळ्या मंडळीचं भोजन थांबतं. आजवर ते कधी थांबलं नव्हतं. दरवेळी कुणीतरी आधीच धावपळ करून भांडण मिटवायचं, आणि हा कुणीतरी म्हणजे एनॉस.

"माझा मेहुणा आहे तो," एनॉस म्हणाला.

"म्हणून तर तुझं ऐकेल." बिशप वळला आणि चिखलातून जाता जाता म्हणाला, "एनॉस, मला झोप लागत नाही रे."

एनॉसला त्याची दया आली. तिथंच त्याचं चुकलं असावं. एका म्हाताऱ्याची झोप आणि एका जवान माणसाची पाठ यांत झोपेचं पारडं जड झालं.

घरी ऑर्फा सफरचंदं चिरत होती. त्यानं सांगितलं तेव्हा तिची सुरी थांबली नाही.

"टायर बसवलंय का त्यानं?"

"टायर नाही. खाणीतला जुना रबरी पट्टा कापून चाकाभोवती बोल्टानं आवळलाय म्हणे."

"मग त्या पट्ट्यावरून कुठं पळून जाणार होता तो? न्यूयॉर्कला?"

"नेम तो नेम, ऑर्फा."

"नेम नाही असं कुठं म्हणतेय मी? मी विचारते, जाणार कुठं होता?"

आपलेच दात, आपलेच ओठ. क्लिऑन पाळण्यात असतानाच त्यांची आई गेली होती. ऑर्फा तेव्हा बारा-तेरा वर्षांची. दूध पाजण्यापासून पँटींना ठिगळं लावण्यापर्यंत सगळं तिनंच केलं होतं. लग्न होऊन ती एनॉसच्या घरी आली तेव्हा हे पोर ओढा ओलांडून रोज जेवायला यायचं. पुढं त्यानं ओढ्यापलीकडची जमीन केली ती बहिणीच्या जवळ राहावं म्हणूनच.

तिनं टोपलीत खारवलेल्या मांसाचा तुकडा ठेवला, सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी ठेवली, वर कापड झाकलं आणि टोपली त्याच्यापुढं सरकवली.

"तूही चल," तो म्हणाला.

"तंबी द्यायला? तू जा. मदत घेऊन जाशील तेव्हा मला बोलव."

क्लिऑन गोठ्याच्या दारात उलट्या बादलीवर बसला होता. चौतिशीचा माणूस, खांदे अजून रुंद, पण उठताना दोन्ही हातांनी चौकट धरावी लागायची. मागच्या हिवाळ्यात सायलोच्या, मुरघासाच्या उंच कोठीच्या, बर्फाळ शिडीवरून घसरला तो थेट फरशीवर. डॉक्टरांनी मणक्यात सळ्या घातल्या होत्या.

"ये एनॉस," तो म्हणाला. "टोपली बघून वाटतंय मदत आहे, तोंड बघून वाटतंय तंबी आहे."

"दोन्ही आहे."

"मग आधी टोपली दे."

त्याची बायको लेना बाहेर आली, टोपली घेतली आणि तिथंच उभी राहिली. ट्रॅक्टर शेडखाली होता. मागच्या मोठ्या चाकांवर काळा जाड पट्टा गुंडाळला होता, नीट मापानं कापलेला, बोल्टांची डोकी रबरात बुडवलेली. पोराच्या हाताला पहिल्यापासून सफाई होती. एनॉसनं पट्ट्यावरून हात फिरवला आणि काम चांगलं झालंय असं त्याच्या तोंडातून जाता जाता राहिलं.

"काढावं लागेल, क्लिऑन."

"का ते मला माहीत आहे. तू मला एवढंच सांग, मी बसू कसा?" क्लिऑननं पाठीवर हात ठेवला. "डॉक्टरांनी पाठीत लोखंड घातलंय, मंडळीनं चाकात लोखंड घातलंय, मधे हाडामांसाचा मी एकटाच उरलोय. एक तास चालवलं की लघवी लाल होते. ते काय हार्वेला दाखवायला नेऊ?"

"तू चालवूच नकोस. आम्ही आहोत ना! तुझा मका आम्ही कापू, नांगरू, पेरू. सांगशील त्या दिवशी वीस माणसं उभी करतो."

"या वर्षी."

"दरवर्षी."

"आणि मी काय करू? खिडकीत बसून तुम्हाला हात हलवू? मला मुली आहेत, एनॉस. त्यांनी मोठं होताना बापाला काय करताना बघायचं?" क्लिऑनचा आवाज चढला आणि तो एकदम थांबला, कारण ओरडलं तरी पाठीत कळ यायची. मग तो हळू म्हणाला, "तुम्ही माझ्यासाठी सगळं कराल. गोठा बांधून द्याल. फक्त एवढं रबर तुमच्यानं सहन होत नाही."

एनॉसला उत्तर सुचलं नाही. डीकनला उत्तर सुचलं. "तुझ्या एकट्यापायी अडीचशे माणसांचं भोजन अडलंय," डीकन म्हणाला.

हे बोलणं क्लिऑनच्या वर्मी लागलं. तो लहानपणापासून तसाच. कुणाच्या वाटेत आपण आडवे आलोय असं कळलं, की मान खाली घालणारा. त्यानं लेनाकडं बघितलं. लेना म्हणाली, "काढून टाका. रोज उठून लोकांची तोंडं कोण बघेल?"

"पाना खिळ्याला अडकवलाय," क्लिऑन म्हणाला. "पण मला वाकता येत नाही."

"मी काढतो की," एनॉस म्हणाला.

आणि तो खरोखरच चिखलात गुडघे टेकून बसला. मंडळीत दुसरा कुणी डीकन असता तर तारीख देऊन निघून गेला असता. एनॉसला वाटलं, आपण निदान मदत करतोय, या बिचाऱ्याला वाकावं लागत नाही. गंजलेले नट निघेनात तेव्हा त्यानं पान्यावर वजन टाकून ते पिळून काढले. क्लिऑन बादलीवर बसून सांगत होता, "तो उलटा फिरव. आधी वरचा सोड." आपणच बांधलेलं कसं सोडायचं ते तो दाजीला शिकवत होता. दोन्ही पट्टे निघाले, चिखलात पडले. लोखंडी दाते पुन्हा उघडे झाले. एनॉसला घाम आला होता, बोटं खरचटली होती, आणि मनात बरं वाटत होतं. भांडण न होता काम झालं होतं.

घरी येऊन तो ऑर्फाला म्हणाला, "मिटलं सगळं. मी माझ्या हातानंच काढून दिले. त्याला त्रास पडू दिला नाही."

ऑर्फानं त्याच्या खरचटलेल्या बोटांकडं बघितलं. औषधाची बाटली त्याच्यापुढं ठेवली आणि ती कोंबड्या कोंडायला निघून गेली.

पुढचे दोन दिवस ऊन पडलं. खोऱ्यातली सगळी माणसं एकदमच शेतात उतरली. एनॉस मका कापत होता, ऑर्फा घराजवळच्या पट्टीत खोदायच्या काट्यानं बटाटे उकरत होती. ओढ्यापलीकडून क्लिऑनच्या ट्रॅक्टरचा आवाज यायचा. लोखंडी चाकं दगडांवरून गेली की खडखडाट व्हायचा. "वीस माणसं उभी करतो" म्हटलं तरी त्यानं कुणाला बोलावलं नव्हतं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं एनॉस मनाशी म्हणाला आणि आपल्या कामाला लागला. ऑर्फा मात्र खडखडाट झाला की काटा जमिनीत रोवून उभी राहायची, तो आवाज पुढं सरकेपर्यंत. दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेपर्यंत तिचे बटाटे निम्मेच निघाले होते.

"उभा राहून चालवतोय तो," दुपारी जेवताना ती म्हणाली. "बसवत नाही म्हणून."

"मी संध्याकाळी जाऊन येतो."

संध्याकाळ व्हायच्या आधीच आवाज बदलला. इंजिन चालू होतं, पण खडखडाट थांबला होता. एका जागी इंजिन घरघरत राहिलं. ऑर्फानं काटा टाकला, स्कर्ट गुडघ्यापर्यंत उचलला आणि ती ओढ्याकडं पळत सुटली. पन्नाशीला आलेली बाई इतकी पळू शकते हे एनॉसला माहीत नव्हतं. तो तिच्या मागं धावला.

क्लिऑन ट्रॅक्टरच्या सीटवर कोसळून बसला होता. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलेलं, तोंड राखेच्या रंगाचं. इंजिन बंद करायलाही हात सुटत नव्हता.

"पाय जाणवत नाहीत," तो म्हणाला. "एनॉस, माझे पाय जाणवत नाहीत मला."

एनॉसनं वर चढून इंजिन बंद केलं. काखेत हात घालून त्याला उचलताना त्याची पँट ओली लागली. घोट्यापर्यंत ओली. क्लिऑनलाही ते तेव्हाच कळलं असावं, कारण त्यानं तोंड फिरवलं. बांधापलीकडं वेनगरची दोन पोरं आवाज ऐकून येत होती. ऑर्फानं आपला एप्रन सोडला आणि भावाच्या कमरेभोवती गुंडाळला, लहानपणी गुंडाळायची तसा. "माती लागलीय," ती पोरांना ऐकू जाईल असं म्हणाली. "चिखलात पडला बिचारा."

डॉक्टर म्हणाले, सळी हलली आहे. उजव्या पायात ताकद परत येईल, डाव्याचं सांगता येत नाही. वसंतापर्यंत बिछाना.

मग मंडळी आली. त्या माणसांना नावं ठेवायची सोय नाही, ती अशी धावून येतात. सूर्य उगवायच्या आत फाटकाबाहेर बग्ग्यांची रांग लागली होती. दिवसभरात क्लिऑनचा सगळा मका कापून सायलोत भरला. बायकांनी कोंबडीचं सूप, बटाटे, भोपळ्याच्या गोड वड्या यांची टेबलं लावली. ज्या वेनगरनं समेट म्हणणार नाही असं सांगितलं होतं, तोच सगळ्यांच्या आधी आला आणि सगळ्यांच्या मागून गेला. निघताना त्यानं लेनाच्या हातात आपल्या घरचं चीज ठेवलं. त्याचे डोळे खरोखर भरून आले होते.

क्लिऑनचा ट्रॅक्टर त्या दिवशी एनॉसनं चालवला. जाणूनबुजून त्यानंच घेतला. त्याची पाठ धडधाकट होती, तरी दुपारपर्यंत त्याचे दात दुखायला लागले. प्रत्येक दगड टाचेतून निघून मानेत जात होता. हे त्याला नवं नव्हतं, त्याच्या ट्रॅक्टरलाही असलीच चाकं होती. पण सवयीनं माणूस आपल्या अंगाचंही ऐकत नाही. त्या दिवशी त्यानं ऐकलं. शेडपाशी वळताना ते काळे पट्टे चिखलात पडलेले दिसायचे, आणि तो दरवेळी दुसरीकडं बघायचा.

"देव करतो ते बऱ्यासाठी," जेवताना बिशप त्याच्याशेजारी बसून म्हणाला. "त्यानं वेळेवर ऐकलं. निदान मनानं तरी आपल्यात राहिला. तुझ्यामुळं झालं हे."

एनॉसच्या हातातला घास हातातच राहिला. समोरून ऑर्फा सुपाचं भांडं घेऊन येत होती. तिनं बिशपला वाढलं, वेनगरला वाढलं, एनॉसलाही वाढलं, आणि पुढं गेली. घरीसुद्धा हेच चाललं होतं. चहा-कॉफी वेळेवर, सदरे धुतलेले, बिछाना नीट. बोलणं तेवढं नाही. भांडली असती तर एनॉसनं उत्तर दिलं असतं. या गप्प राहण्याला काय उत्तर देणार? तो रात्री कूस बदलत राहायचा आणि पलीकडं तीही जागीच आहे हे त्याला कळायचं.

जे अंथरुणाला खिळलेत त्यांची विचारणी डीकन आदल्या दिवशी घरी जाऊन करतो. एनॉस क्लिऑनच्या खोलीत गेला. मुली भिंतीपाशी बसून चिंध्यांची बाहुली शिवत होत्या, लेनानं त्यांना बाहेर नेलं. एनॉसनं टोपी हातात धरली आणि वर्षानुवर्षं पाठ असलेला प्रश्न विचारला.

"देवाशी, मंडळीशी आणि शेजाऱ्याशी तुझा समेट आहे का?"

"आहे," क्लिऑन छताकडं बघत म्हणाला.

"क्लिऑन..."

"आहे म्हटलं ना! जा, लिहायचं असेल तर लिही."

"लिहायचं नसतं."

"मग लक्षात ठेव."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनाघर भरलं होतं. एका बाजूला पुरुषांचे काळे कोट, दुसऱ्या बाजूला बायकांच्या पांढऱ्या टोप्या. ओल्या लोकरीचा वास येत होता. उपदेश झाला, प्रार्थना झाली, मग विचारणी सुरू झाली. पुरुषांच्या बाजूनं उपदेशक निघाला, बायकांच्या बाजूनं एनॉस. प्रत्येकीपुढं थांबायचं, कान खाली न्यायचा, ती हळू आवाजात सांगते, मग पुढं जायचं. म्हाताऱ्या आधी. "समेट आहे, भोजन घ्यायची इच्छा आहे." वेनगरची आई बहिरी, तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरच्या मुली हसल्या. दुसरा बाक झाला, तिसरा झाला. लेना बाकाच्या टोकाला बसली होती. तिनंही आहे म्हणून सांगितलं, डोळे मांडीवर ठेवून.

तिच्याशेजारी ऑर्फा होती.

एनॉस वाकला. इतकी वर्षं दरवेळी तो तिच्यापुढं असाच वाकला होता, आणि ती पटकन सांगून मोकळी व्हायची. कधी कधी तर "घोड्याला पाणी दाखवलंस का" हेही त्याच दमात विचारायची.

"देवाशी आहे," ऑर्फा म्हणाली. "मंडळीशी आहे." मग तिनं मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते. "तुझ्याशी नाही."

एनॉस तसाच वाकलेला राहिला. त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं, पण तसं काही नव्हतं. शेजारची लेना श्वास रोखून बसली होती. ऑर्फानं आवाज वाढवला नव्हता, पुढच्या बाकालाही ऐकू गेलं नसेल. तो सरळ झाला आणि पुढच्या बाईकडं गेला. बाकीच्या बायका काय म्हणाल्या ते त्यानं ऐकलं, पण त्याच्या कानात राहिलं नाही.

उरलेल्या बाकांवर त्याचं मन नुसतं धावत होतं. नवरा-बायकोचं भांडण आहे, घरी मिटेल. ती रागात आहे. पुढं जाऊन "सगळ्यांचा समेट आहे" म्हटलं तर कुणाला कळणार आहे? लेनाला, पण ती बोलायची नाही. आणि ऑर्फा? ती सगळ्यांसमोर उठून त्याला खोटं पाडणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. ती त्याच्याशेजारी बग्गीत बसून घरी येईल, जेवायला वाढेल, आणि मरेपर्यंत वाढत राहील.

उपदेशक आधी बिशपपाशी पोचला. "पुरुषांच्या बाजूला सगळ्यांचा समेट आहे," तो म्हणाला. बिशपचा चेहरा सैल झाला. त्यानं एनॉसकडं बघितलं.

"बायकांच्या बाजूला एका बहिणीचा नाही," एनॉस म्हणाला.

बाकं करकरली. बिशपनं खुर्चीचा हात धरला. "कुणाशी?"

"डीकनशी." "तिला काही विचारू नका. तिचं खरं आहे. क्लिऑनला वाकता येत नव्हतं, म्हणून ते पट्टे मी माझ्या हातानं काढले. त्याला मी मदत म्हणालो. मला बरंसुद्धा वाटलं होतं. त्या माणसाचे पाय गेले, आणि काल त्यानं मला समेट आहे म्हणून सांगितलं, आणि मी ते घेऊन आलो. उद्या मी ते पट्टे परत बसवणार आहे. तोवर माझा कुणाशीच समेट नाही."

मग पुरुषांच्या बाजूला वेनगर उठला. "मला त्या माणसाचं वाईट वाटतं," तो म्हणाला. "देवाशपथ वाटतं. पण रबर चढलं तर माझाही समेट नाही." एवढं बोलून तो खाली बसला आणि त्यानं हातांनी तोंड झाकलं.

"मग या शरदात प्रभुभोजन नाही," बिशप हार्वे म्हणाला. त्यानं ते इतक्या हळू म्हटलं, की मागच्यांनी एकमेकांना विचारलं. म्हाताऱ्याच्या गालावरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

अंगणात घोडा जोडताना एनॉसच्या जवळ कुणी आलं नाही. माणसं दोन पावलं लांबून जात होती. त्यांच्या जागी असता तर त्यानंही तेच केलं असतं. बग्गी रस्त्याला लागली.

"मला वाटलं, सगळ्यांचा आहे म्हणून सांगून टाकशील," ऑर्फा म्हणाली.

"मलाही तसंच वाटलं होतं."

तिनं त्याच्याकडं बघितलं नाही, पण घोंगडीचं टोक त्याच्या गुडघ्यावर ओढलं. घराचं वळण आलं तसं गेलं. पुढं ओढ्याचा पूल होता.

लेना शेजाऱ्यांच्या बग्गीतून आधीच घरी पोचली होती, त्यामुळं क्लिऑनला सगळं कळलेलं होतं. एनॉस खोलीत शिरला तर तो कोपरांवर अर्धवट उठून बसलेला, तोंड लालबुंद.

"काय केलंस तू हे?" तो ओरडला. पाठीत कळ आली तरी थांबला नाही. "सगळ्या मंडळीचं भोजन थांबवलंस? मी आहे म्हणालो होतो ना तुला?"

"तू खोटं बोललास."

"बोललो! कशासाठी बोललो? या माणसांनी माझा मका कापला. माझ्या मुलींच्या तोंडात घास घातला. म्हातारा हार्वे रोज इथं येऊन माझे पाय चोळून जातो, माहीत आहे तुला? आणि मी त्यांची वाट अडवू? आता खोऱ्यात तोंड कसं दाखवू मी?"

"तुझ्यामुळं नाही अडली. माझ्यामुळं अडली."

"तुला कुणी सांगितलं होतं?"

एनॉसनं दाराकडं बघितलं. ऑर्फा चौकटीला टेकून उभी होती, टोपीच्या नाड्या सोडत. एनॉस बिछान्याशेजारच्या खुर्चीवर बसला. आजवर शेकडो बिछान्यांशेजारी तो असा बसला होता आणि दरवेळी त्याच्याजवळ सांगायला काहीतरी असायचं. या वेळी काही नव्हतं. त्याला रडू फुटलं. साठीला आलेला माणूस, टोपी मांडीवर धरून पोरासारखा हुंदके देत होता, आणि थांबवता येत नव्हतं.

"मला माफ कर," तो म्हणाला. एवढंच त्याला जमलं.

क्लिऑन हळूहळू उशीवर मागं झाला. खिडकीबाहेर पुन्हा पावसाची भुरभुर सुरू झाली होती. क्लिऑनचा राग गेला होता असं नाही, जबडा अजून आवळलेलाच होता.

"उद्या येणार आहेस ना?" शेवटी तो म्हणाला.

"येतो."

"येताना चार बोल्ट नवे आण. काढताना वाकवलेस तू." क्लिऑननं तोंड भिंतीकडं वळवलं. "त्या दिवशी मी बघत होतो. पण बोललो नाही."